कशावरून?

शाळेत असेपर्यंत प्रश्न आणि उत्तर एकाच पुस्तकात असतात. धडा वाचायचा, खालचे प्रश्न पाहायचे आणि उत्तर कोणत्या परिच्छेदात आहे ते शोधून काढायचे. दहावी झाल्यावर तुम्ही महाविद्यालयात जाल. तिथे एके दिवशी शिक्षक सांगतील, "या विषयावर प्रकल्प करून आणा." विषय मिळेल, पण पुस्तक मिळणार नाही. ते तुम्हालाच ग्रंथालयात जाऊन शोधावे लागेल. एक नव्हे, चार-पाच पुस्तके शोधावी लागतील. आणि त्या पुस्तकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली, तर कोणाचे खरे मानायचे हेही तुम्हालाच ठरवावे लागेल.

आपल्याकडे प्रकल्प कसे तयार होतात, हे तुम्ही जाणताच. मोबाइलवर विषयाचे नाव लिहायचे, पहिल्यांदा जे समोर येईल ते उतरवून घ्यायचे, चार रंगीत चित्रे चिकटवायची आणि फाइलला चकचकीत कागद लावायचा. कधीकधी गुणही फाइलची जाडी पाहून मिळतात. मला हे पटत नाही. माझ्या मते प्रकल्पातील सर्वांत मोलाची ओळ म्हणजे ही माहिती कोठून मिळाली ते सांगणारी ओळ. ती नसेल तर वीस पाने व्यर्थ आहेत. ती असेल तर तीन पानेही पुरेत.

मराठीत यासाठी एक छोटासा प्रश्न आहे: कशावरून? कोणी काही सांगितले की घरातली आजीसुद्धा विचारते, "कशावरून रे?" तुमच्या उर्दूत 'हवाला' हा शब्द आहे. तो मराठीतही आहे. 'सनद'ही दोन्ही भाषांत आहे. एखादी रिवायत ऐकली की ती कोणी कोणाकडून ऐकली, मधले सांगणारे कोण होते आणि ते विश्वासाचे होते का, हे तपासण्याची जुनी शिस्त तुमच्यापैकी अनेकांनी घरी किंवा मदरशात ऐकलेली असेल. ग्रंथालयात पुस्तक हाती घेतल्यावर हीच शिस्त पाळायची असते.

केवळ उपदेश करण्यापेक्षा एक खरे उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या प्रकल्पाचा विषय आहे 'फातिमा शेख'.

पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई त्या कामात शिक्षिका झाल्या. त्यांच्यासोबत फातिमा शेख यांचे नाव घेतले जाते. उर्दू माध्यमाच्या शाळांत तर ते फार अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने फातिमा शेख यांचा जन्मदिवस म्हणून आपल्या मुख्य पानावर त्यांचे चित्र लावले. तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. पुढे तीनच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, एका लेखकाने समाजमाध्यमांवर जाहीर केले की फातिमा शेख नावाची कोणी बाई झालीच नाही, ते पात्र आपणच काही वर्षांपूर्वी निर्माण केले होते.

त्या दिवसांत मोठा गदारोळ झाला. अनेकांना राग आला. पण रागावणे हे उत्तर नव्हे. "आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत" हेही उत्तर नव्हे. कारण समोरचा म्हणतो, तुम्ही खोटेच ऐकत आलात. "शेकडो ठिकाणी लिहिले आहे" असे म्हणावे, तर समोरचा म्हणतो, त्या शेकडो लोकांनी एकमेकांचे पाहून लिहिले. मग उत्तर कोणी दिले? ज्यांनी १९८८ साली छापलेले एक पुस्तक उघडले आणि त्यातील एका पत्रावर बोट ठेवले, त्यांनी.

ते पुस्तक म्हणजे 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'. संपादक मा. गो. माळी आणि प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. आता हे पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुम्हाला कसे सापडेल, ते पाहू. कारण कॅटलॉगमध्ये 'फातिमा शेख' हे नाव शोधाल, तर बहुधा हाती काहीच लागणार नाही. निराश होऊन परत येणारे विद्यार्थी बहुतेक इथूनच परत येतात.

पूर्वी कॅटलॉग म्हणजे लहान-लहान खणांचे एक लाकडी कपाट असे. प्रत्येक पुस्तकाची कार्डे त्यात लावलेली असत: लेखकाच्या नावाचे, पुस्तकाच्या नावाचे आणि विषयाचे. आज पुष्कळ ठिकाणी हे काम संगणकावर होते. पण कपाट असो की संगणक, पुस्तकाच्या पोटात काय आहे ते त्याला ठाऊक नसते. त्याला फक्त पुस्तकाच्या अंगावर काय लिहिले आहे ते कळते. फातिमा शेख एका पत्रात आहेत, पत्र एका पुस्तकात आहे आणि पुस्तकावर नाव सावित्रीबाईंचे आहे. म्हणून शोधणाऱ्याने आधी विचार करावा: ही व्यक्ती कोणाच्या सोबत होती? कोणत्या गावात होती? कोणते काम करत होती? मग शोधण्याचे शब्द बदलतात. सावित्रीबाई फुले, जोतीराव फुले, स्त्रीशिक्षण, पुणे शहराचा इतिहास, सत्यशोधक चळवळ. नावही दोन-तीन प्रकारांनी लिहून पाहावे. कोणी 'फातिमा' लिहितो, कोणी 'फातीमा'. जोतीरावांचे नाव कोणी 'ज्योतिराव' असेही लिहितो. यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मोठा वाटतो.

आणखी एक अडचण आहे. एकाच विषयाची पुस्तके एका कपाटात नसतात. पुस्तकाच्या पाठीवर खालच्या बाजूला आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. आपल्याकडील कितीतरी ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत वापरतात. काही ठिकाणी डॉ. रंगनाथन यांची १९३३ सालची पद्धत असते. ड्यूईच्या पद्धतीत शिक्षणाची पुस्तके ३७० च्या घरात, चरित्रे ९२० च्या आसपास, भारताचा इतिहास ९५४ मध्ये आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये असते. (उर्दू साहित्याचा आकडा ८९१.४३९ आहे, म्हणजे दोन्ही भाषांची कपाटे बहुधा शेजारी-शेजारीच असतात!) फातिमा शेख यांचा माग काढायचा तर या चारही कपाटांपर्यंत जावे लागते. सावित्रीबाईंचे चरित्र एकीकडे, त्यांच्या कविता दुसरीकडे आणि पुण्यातील शाळांचा इतिहास तिसरीकडे.

थोडक्यात, ग्रंथपालांना विचारावे. विचारायला लाजू नये. आपल्या मुलांना, विशेषतः दुसऱ्या माध्यमातून आलेल्या मुलांना, वाटते की आपले मराठी कच्चे आहे, ग्रंथपाल हसतील. ते हसत नाहीत. पण "फातिमा शेखवर पुस्तक आहे का?" असे विचाराल तर ते "नाही" म्हणतील. "सावित्रीबाईंच्या काळातील पुण्याच्या शाळांबद्दल कोणकोणती पुस्तके आहेत?" असे विचाराल तर ते खुर्चीवरून उठतील. प्रश्न नीट विचारणे हे अर्धे शोधणेच आहे.

समजा, पुस्तक मिळाले. ते एकदम मधूनच वाचू नका. आधी नावाचे पान आणि त्यामागचे पान पाहा. लेखक कोण, संपादक कोण, प्रकाशक कोण, साल कोणते, आवृत्ती कितवी. मग प्रस्तावना, म्हणजे तुमच्या पुस्तकातला दीबाचा. मग शेवटची पाने: तिथे सूची आहे का? संदर्भग्रंथांची यादी आहे का? पानांच्या तळाशी टिपा आहेत का? ज्या पुस्तकात यांपैकी काहीच नाही, ते वाईटच असते असे नाही. ते वाचायला सुंदरही असू शकते. पण त्याला तुम्ही 'कशावरून?' विचारले, तर ते गप्प बसते.

आता ते पत्र. १० ऑक्टोबर १८५६ ही त्याची तारीख आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे पुण्याबाहेर माहेरी राहिल्या होत्या, आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. आपली प्रकृती, भावाने केलेली सेवा, गावातील लोकांचा विरोध, असे बरेच काही त्यात आहे. ओघात त्या फातिमाची आठवण काढतात. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. एवढेच. दोन कामकरी मैत्रिणींपैकी एक आजारी पडली, सगळा भार दुसरीवर आला, आणि पहिलीला तिची काळजी वाटते. मोठ्या भाषणांपेक्षा मला हा साधा उल्लेख अधिक खरा वाटतो. कारण तो फातिमा यांची कीर्ती वाढवण्यासाठी लिहिलेलाच नाही. घरच्या माणसाने घरच्या माणसाला लिहिले आहे.

परंतु आता थांबून पाहा, हे पत्र काय सांगत नाही. त्यात नुसते 'फातिमा' एवढेच नाव आहे, आडनाव नाही. जन्माची तारीख नाही. त्या कोठे शिकल्या, त्यांनी कोणत्या शाळेत कोणता वर्ग घेतला, हे नाही. म्हणून या एका पत्रावरून आपण ठामपणे असे लिहू शकतो, की १८५६ साली फातिमा नावाची एक स्त्री फुले दांपत्याच्या इतक्या जवळची होती, की सावित्रीबाईंच्या गैरहजेरीचा भार तिच्यावर पडे. त्या शिक्षिका होत्या, हा अनुमानाचा भाग आहे. अनुमान चांगले आहे, सबळ आहे, पण ते अनुमान म्हणूनच लिहावे. आणि ९ जानेवारी ही जन्मतारीख? ती पुष्कळ ठिकाणी छापली जाते, गूगलनेही ती घेतली. पण तिच्यामागचा कागद काही कोणी दाखवत नाही. प्रकल्पात ती लिहायचीच असेल, तर 'असे सांगितले जाते' असे शब्द तिच्यापुढे जोडावेत.

काही जणांना यात अपमान वाटेल. ते म्हणतील, आपल्याच माणसाबद्दल इतकी शंका कशाला? मला नेमके उलटे वाटते. ज्यांनी फातिमा यांच्याभोवती बिनहवाल्याच्या गोष्टी रचल्या, त्यांनीच नाकारणाऱ्याचे काम सोपे केले. दहा गोष्टींतील नऊ गोष्टींना आधार नसला, की दहावी खरी गोष्टही लोकांना खोटी वाटू लागते. फातिमा यांचे रक्षण त्या एका छोट्या उल्लेखाने केले, सजवलेल्या चरित्रांनी नव्हे.

पत्रालाही प्रश्न विचारायचा असतो, हे विसरू नका. आपण वाचतो ते छापील पत्र आहे. मूळ कागदावरून ते कोणीतरी उतरवून घेतले, वाचून पाहिले, मग ते छापले गेले. त्या पुस्तकात सावित्रीबाईंची तीन पत्रे आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांची. ती संपादकांना कोठून मिळाली, हे समजून घेण्यासाठी प्रस्तावना वाचावी लागते. तीनही पत्रे एकमेकांशी ताडून पाहिली तर लिहिणारीचा स्वभाव एकच वाटतो का, हेही पाहता येते. १८७७ च्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळ आहे. त्या दुष्काळाची माहिती इतर सरकारी कागदांतूनही मिळते. म्हणजे पत्रातील गोष्ट बाहेरच्या साक्षीदाराशी जुळते का, हे तपासण्याची सोय आहे. इतिहासाचे अभ्यासक हेच करत असतात.

बाहेरचा साक्षीदार म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. समजा, तुम्हाला पाच पुस्तके मिळाली आणि पाचांतही फातिमा यांचा उल्लेख आहे. तुम्हाला वाटेल, पाच पुरावे झाले. पण पाचही पुस्तकांच्या तळटिपा उघडून पाहा. पाचांनीही १९८८ च्या त्याच पुस्तकाचा हवाला दिला असेल, तर पुरावा एकच आहे, तो फक्त पाच वेळा छापला गेला आहे. एका माणसाने सांगितलेली बातमी शंभर माणसांनी पुढे नेली म्हणून साक्षीदार शंभर होत नाहीत. मोबाइलवर येणाऱ्या मजकुराचे असेच असते, म्हणून तो इतका वजनदार वाटतो.

याउलट दुसरी चूकही टाळली पाहिजे. एखादे जुने चरित्र तुम्ही उघडले आणि त्यात फातिमा यांचे नाव दिसले नाही, तर 'त्या नव्हत्याच' असे म्हणू नका. लेखकाला ते पत्र मिळालेच नसेल. त्याला त्या गोष्टीचे महत्त्व वाटले नसेल. त्या काळात गरीब घरातील स्त्रियांची नावे कोण लिहून ठेवत होते? सावित्रीबाईंबद्दलसुद्धा किती उशिरा लिहिले गेले! म्हणून पुस्तकाचे साल पाहायचे ते एवढ्यासाठी: लेखकाच्या हाती त्या वेळी कोणते कागद होते, हे त्यावरून कळते.

जिथे पुस्तकांचे एकमेकांशी पटत नाही, तिथे तर प्रकल्पाला खरी गोडी येते. पुण्याच्या त्या पहिल्या शाळेची तारीखच घ्या. काही पुस्तकांत १ जानेवारी १८४८ आहे, काहींत ऑगस्ट १८४८ आहे. विद्यार्थी काय करतात? एक तारीख निवडतात आणि दुसरी दाबून टाकतात. असे करू नये. दोन्ही लिहाव्यात, कोणती कोणत्या पुस्तकात आहे ते सांगावे, आणि आपल्याला कोणती पटते व का, ते एका वाक्यात लिहावे. ते एक वाक्य तुमचे स्वतःचे असेल. सगळ्या फाइलमध्ये कदाचित तेवढेच तुमचे असेल.

त्या काळातील कागद मिळतच नाहीत असे समजू नका. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली त्यातच छापून आला. मुक्ता तेव्हा तुमच्याच वयाची होती. म्हणजे शाळेत काय शिकवले जात होते, याचा दाखला खुद्द एका विद्यार्थिनीने दिला आहे, तोही शाळा चालू असताना. असा दाखला नंतर लिहिलेल्या दहा स्तुतिपर लेखांना भारी पडतो. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले; त्यात जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेले शिक्षणविषयक निवेदनही वाचायला मिळते. ही सरकारी प्रकाशने स्वस्त असल्यामुळे लहान गावांच्या ग्रंथालयांतही आढळतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आता मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल वाईट नाही. त्यावर आपण काय उघडतो, हा प्रश्न आहे.

इथे मला एक वेगळी गोष्ट सांगाविशी वाटते. उर्दू माध्यमाची कितीतरी मुले विचारतात, आम्ही मराठी कशासाठी शिकायची? नोकरीसाठी, कचेरीच्या कामासाठी, अशी उत्तरे त्यांना मिळतात. ती खरी आहेत. पण फातिमा यांचे उदाहरण पाहा. त्यांच्याबद्दलचा हा महत्त्वाचा कागद मराठीत आहे. त्यांच्याविषयी उर्दूत जे लिहिले गेले, त्यातील बराच मजकूर मराठी किंवा इंग्रजी पुस्तकांवरून आलेला आहे. ज्या मुलीला उर्दूही येते आणि मराठीही येते, तिला मध्ये दुभाष्या लागत नाही. ती ते पत्र स्वतः वाचू शकते, आणि उर्दूत काय लिहिले गेले ते त्या पत्राशी ताडून पाहू शकते. केवळ मराठी जाणणाऱ्याला हे करता येत नाही, केवळ उर्दू जाणणाऱ्यालाही नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुम्ही शिराल तेव्हा एक पाऊल मागे नसाल, एक भाषा पुढे असाल.

आता राहिली एक कंटाळवाणी पण अत्यंत आवश्यक गोष्ट. पुस्तक हातात असतानाच वहीत पाच गोष्टी लिहून ठेवा: लेखक किंवा संपादक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल आणि पान. पानाचा आकडा मुले नेहमी विसरतात. मग पंधरा दिवसांनी पुस्तक दुसऱ्याने नेलेले असते आणि 'हे कुठेतरी वाचले होते' एवढेच उरते. पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे घेतले असेल, तर वहीतच त्याला अवतरणचिन्हे द्या. नाहीतर ते आपलेच आहे असा नंतर आपलाच समज होतो. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून टिपून घ्यावे लागते. ग्रंथालय बंद होण्याच्या अर्धा तास आधी जाऊन उपयोग नाही.

आणि महाविद्यालयात जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि सरकारचे अनुदान मिळणारी ग्रंथालये तालुक्यांच्या गावी आणि खेड्यांतही आहेत. तुमच्या गावातील ग्रंथालयात जा आणि सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय मागा. १८५६ चे पत्र उघडा. फातिमा यांचे नाव ज्या ओळीत आहे ती ओळ शोधा, आणि वहीत पानाचा आकडा लिहा.